जुन्या एसयूव्हीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं? रबर बदलण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. गाडी बारा-पंधरा वर्षांची, चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बॉडी बसवलेली सात सीटर, मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली. मृगाचा पाऊस जरा स्थिरावला की आत कुबट वास सुटतो, पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओली लागते, काचांवर आतून धुकं धरतं. गॅरेजवाला दाराचं रबर बदलतो, काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवतो. थोडे दिवस बरे जातात. मग आडवातिडवा पाऊस येतो आणि पाणी पुन्हा हजर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, फक्त तोवर मॅटखालचा पत्रा नखाने सोलायला लागलेला असतो.

गळती आणि सडका सांगाडा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं समजून दोन वेगळ्या कारागिरांकडे गेलात की हा घोळ वर्षानुवर्षं चालतो. पाणी कार्पेटखाली साचतं आणि फ्लोअरचा पत्रा खातं. त्याच पत्र्याखाली बॉडी आणि चासी यांच्यामधले रबरी बुश असतात, म्हणजे बॉडी माउंट. बुशाभोवतीचा पत्रा मऊ पडला की बॉडी त्या कोपऱ्यात काही मिलिमीटर बसते, दारं चौकटीत तिरकी लागतात, आणि कोरं करकरीत रबर लावलं तरी फट राहते. त्या फटीतून आणखी पाणी येतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाण्याची वाट शोधा, मग सांगाडा बघा, मग पत्र्याचं काम करा, आणि रबर सगळ्यात शेवटी. बाजारात नेमका उलटा क्रम चालतो, कारण रबर दुकानात तयार मिळतं आणि तासाभरात बसवून होतं.

पाणी पावसाचंच आहे ना?

मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, एसी लावून लांब गेल्यावर मॅट ओली होत असेल तर रबर आणि सिलिकॉनचा विषयच नाही. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते डॅशबोर्डखालच्या पेटीतून एका रबरी नळीने गाडीखाली पडतं. किनारपट्टीच्या दमट हवेत हे पाणी चांगलंच असतं. नळी धूळ आणि बुरशीने तुंबली की पेटी भरते आणि डाव्या बाजूला पायाशी सांडते. दमट दिवशी एसी पूर्ण लावून गाडी पंधराएक मिनिटं उभी ठेवा. खाली थेंबही पडत नसेल तर नळी तुंबली आहे. गाडीखालून बारीक, लवचिक तार हलक्या हाताने फिरवली तरी बऱ्याचदा मोकळी होते. कॉम्प्रेसरची हवा मात्र जोरात मारू देऊ नका. नळी आतल्या पेटीपासून सुटली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायची पाळी येते.

ड्युअल एसीच्या गाड्यांत दुसरा कॉइल मागे असतो, काहींत टपाच्या आतल्या बाजूला, काहींत मागच्या साइड पॅनेलमागे. त्याची नळी खांबातून खाली उतरते. ती तुंबली की छताच्या कापडातून मधल्या किंवा मागच्या सीटवर थेंब पडतात. ‘टप गळतो’ म्हणून वरून सगळा टप सील करून घेतलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि गळती तशीच.

पाणी बोटाला चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुकं बसत असेल आणि कूलंटची टाकी हळूहळू उतरत असेल, तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. (चाखून बघू नका, कूलंट विषारी असतं.) शेवटची शक्यता मागच्या वायपरच्या वॉशरची. बऱ्याच गाड्यांत टाकी पुढे बॉनेटखाली असते आणि नळी छताच्या कापडामागून डिकीपर्यंत जाते. सांधा सुटला की बटण दाबाल तेव्हा पाणी आत. बटण दाबून बघितलं की निकाल लागतो.

होजने शोधताना

यातलं काहीच नसेल तर पाणी बाहेरून येतंय. ते शोधायला दोन माणसं लागतात, एक बाहेर होज घेऊन, दुसरा आत टॉर्च घेऊन. त्याआधी आतली मॅट, कार्पेटची कड, दाराखालच्या पट्ट्या आणि पायाजवळची बाजूची प्लास्टिकं उतरवा. पत्रा उघडा दिसल्याशिवाय ही परीक्षा करण्यात अर्थ नाही, कारण पाणी एका जागी शिरतं, पत्र्याच्या घडीतून वाहतं आणि भलत्याच जागी दिसतं. डाव्या पायाशी दिसलेलं पाणी टपाच्या कॅरिअरच्या बोल्टातून खांबात उतरून आलेलं असू शकतं.

सर्व्हिसिंग सेंटरमधला प्रेशर वॉशर इथे चालत नाही. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि तुम्ही नसलेली गळती दुरुस्त करत बसता. साधी होज, नोझल काढून, धार सौम्य. सुरुवात खालून: दाराची खालची कड, मग मधली, मग काचेची चौकट, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागेला काही मिनिटं द्या. एकदा सपाट जागेवर, एकदा नाक खाली करून उतारावर, एकदा नाक वर करून. बिल्डिंगच्या रॅम्पवर रोज उभ्या असणाऱ्या गाडीत पाणी येतं आणि गॅरेजच्या सपाट फरशीवर येत नाही, याचं कारण हेच असतं.

होजने सापडलं नाही तर साबणाचं पाणी. काचा बंद, ब्लोअर पूर्ण वेगात, हवा बाहेरून घेण्याच्या खुणेवर. मागच्या बंपरच्या आड केबिनमधली हवा बाहेर जायला झडपा असतात, त्या बाहेरून टेपने बंद करा. आत थोडा दाब तयार होतो. आता सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे फट आहे.

आणि पावसाची वाट न बघताही एक खूण उन्हाळ्यातच मिळते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कच्च्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीची मागची चौकट उघडून बघा. रबराच्या आतल्या बाजूला लाल मातीची बारीक जीभ दिसेल, तिथूनच जुलैत पाणी येणार. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे मागच्या दाराची फट धूळ आत ओढते, आणि सायलेन्सरचा धूरही. चालत्या गाडीत मागे बसणाऱ्याला डिझेलचा वास येत असेल तर नुसता एअर फ्रेशनर लावू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो.

पाण्याच्या नेहमीच्या वाटा

सगळ्यात जास्त गाड्यांत दोषी निघते ती वायपरखालची जागा. काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिच्याखाली पत्र्याचा पन्हाळ असतो. पावसाचं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून मडगार्डमागे उतरतं. काही गाड्यांत या भोकांना चपट्या रबरी चोची असतात आणि पहिल्यांदा त्याच बुजतात. आंबा-फणसाखाली उभी राहणारी गाडी असेल तर जाळीखाली अक्षरशः खत झालेलं असतं. सुरूच्या बनात लावलेल्या गाडीचं आणखी वाईट, कारण सुरूच्या काड्या जाळीतून सहज खाली उतरतात. पन्हाळ भरला की पाणी ब्लोअरच्या तोंडाच्या वर चढतं आणि थेट केबिनमध्ये येतं. वळणावर डॅशबोर्डमध्ये पाणी डचमळल्याचा आवाज आला तर हीच जागा. वायपरचे हात आणि जाळी काढा, गाळ हाताने उपसा, मग होज सोडून दोन्ही बाजूंनी पाणी खाली पडतंय का ते बघा. गाळ उपसल्यावर पन्हाळाचा पत्रा नीट तपासा. ओला पाला वर्षानुवर्षं बसल्याने कोपऱ्यातला जोड सडलेला असतो, आणि नुसती सफाई करून पुढच्या पावसात तेच गाऱ्हाणं येतं.

दुसरी वाट दारांची, आणि इथे रबर उगीच बदनाम होतं. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दाराच्या पोकळीत उतरणारच, दार तसंच बनवलेलं आहे. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडावं अशी योजना असते. आतल्या पॅनेलमागे एक प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला असतो, त्याची खालची कड दाराच्या आत खोचलेली असते. पॉवर विंडोची मशीन बदलताना, सेंट्रल लॉक टाकताना, मोठे स्पीकर बसवताना हा पडदा फाडला जातो आणि पुन्हा कोणी नीट लावत नाही. मग पाणी पॅनेलच्या आतल्या बाजूने घसरून पायरीवरून कार्पेटवर येतं. दाराचं रबर कितीही नवं घाला, हे पाणी रबराच्या आतल्या बाजूनेच येतंय. जाड प्लास्टिक कापा, ब्युटाइल टेपने चिकटवा, खालची कड आत खोचा. सेलो टेप एक पावसाळाही टिकत नाही. दाराखालची भोकं काडीने मोकळी करा. दार जोरात लावताना आत पाणी हलल्याचा आवाज येत असेल तर ती बुजलेली आहेत.

पुढची काच कधी बदलली असेल तर तिसरी जागा तीच. जुनी काच कापताना चौकटीच्या रंगावर पातं फिरतं, त्या ओरखड्यात गंज धरतो, आणि गंज फुगून चिकट पदार्थ पत्र्यापासून उचलतो. बाहेरून सिलिकॉन लावल्याने गंज थांबत नाही. शिवाय आंबट वासाचं साधं सिलिकॉन सुकताना असेटिक आम्ल सोडतं, ते उघड्या पत्र्याला वाईट, आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही. काच उतरवायची, चौकट उघड्या धातूपर्यंत साफ करायची, इपॉक्सी प्रायमर मारायचा आणि काच पॉलियुरेथेनच्या नव्या चिकट पदार्थाने बसवायची. चिकटवलेली काच बॉडीला ताठपणा देते, त्यामुळे हे काम जुगाडाचं नाही.

टपाच्या गटारातलं भेगाळलेलं सीलंट, कॅरिअरचे बोल्ट, मागच्या लाइटांची गॅस्केट, वरच्या ब्रेक लाइटची गॅस्केट आणि डिकीच्या वायरिंगचं रबर या जागा होजने पटकन सापडतात. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या मोकळ्या आहेत का बघा. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, फॉग लाइट किंवा हॉर्नची वायर नंतर टाकली असेल तर तिच्या भोकाला रबरी ग्रोमेट आहे की नुसती चिकटपट्टी, तेही बघा.

रबर नवं, वाटा बंद, तरी पाणी?

आता सांगाड्याकडे. मागचं दार उघडा आणि कुलपाकडचं टोक दोन्ही हातांनी वर उचलून बघा. स्टेपनी आणि तिचा ब्रॅकेट मिळून पंचवीस-तीस किलो वजन त्या दाराला वर्षानुवर्षं लोंबकळत असतं, खड्ड्यांचे धक्के वेगळेच. टोक वर-खाली हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे, किंवा बिजागरी ज्या खांबाला धरली आहे तो पत्राच फाटतोय. रंगातली केसासारखी रेष आणि तिच्या कडेचा तपकिरी ओघळ म्हणजे तडा. अशा वेळी गॅरेजमध्ये कुलपाचा स्ट्रायकर (चौकटीवरची खुंटी) सरकवून दार ‘बसवून’ दिलं जातं. दार लागतं, पण वरच्या कोपऱ्यातली फट तशीच राहते. पिन बदला. पत्रा फाटला असेल तर आतल्या बाजूने पट्टी घालून वेल्डिंग. शक्य असेल तर स्टेपनीच दारावरून हलवा.

पुढच्या दारांना टाल्कम पावडरची परीक्षा. रबरावर पावडर लावा, दार नेहमीसारखं बंद करून उघडा. चौकटीवर सलग पांढरी रेघ उठायला हवी. एका दाराला वरच्या कोपऱ्यात आणि दुसऱ्याला खालच्या कोपऱ्यात रेघ तुटत असेल तर रबराचा दोष नाही, बॉडी बसली आहे. बंपर आणि बॉडीमधली फट दोन्ही बाजूंना मोजा. मग गाडी लिफ्टवर घेऊन एकेक बॉडी माउंट बघा. बुश चपटा झाला असेल तर काम सोपं. बुश शाबूत आणि त्यावरचा पत्रा आत दबलेला असेल तर मोठं काम आहे, आणि ते टाळून पुढचं काहीही करू नका.

चालकाच्या पायाशीच पाणी येत असेल आणि क्लच अलीकडे खाली धरत असेल, तर या दोन तक्रारी एकत्र मांडा. बॉनेट उघडा, दुसऱ्याला क्लच दाबायला सांगा आणि मास्टर सिलिंडरकडे (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या नळकांड्याकडे) बघा. प्रत्येक दाबाबरोबर तो पुढे सरकत असेल तर पेडलच्या ब्रॅकेटजवळचे स्पॉट वेल्ड सुटलेत आणि फायरवॉलचा पत्रा लवतोय. त्याच तड्यातून पाणी आत येतं. लोक इथे मास्टर सिलिंडर आणि क्लच प्लेट दोन्ही बदलून बसतात आणि पेडल तसंच राहतं.

फ्लोअरमध्ये सगळ्यात आधी सीटच्या रुळांचे बोल्ट आणि सीट बेल्टच्या कुलपाची जागा तपासा. जुनी गाडी विकायला काढताना फायबर, लांबी (पुट्टी) आणि वरून काळं कोटिंग मारून भोकं झाकण्याची पद्धत सर्रास आहे. चुंबक लावा, लांबीवर चिकटणार नाही. इतर जागी भोक पडलं तर चिडचिड, इथे पडलं तर अपघातात पट्टा फ्लोअरसकट उपटून येतो.

चासीचा पत्रा बॉडीपेक्षा कितीतरी जाड, साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे वरचा तांबूस गंज बघून घाबरू नका. घाबरायचं ते आतून येणाऱ्या गंजाला. चासीच्या आतून पोकळ तुळयांत, म्हणजे बॉक्स सेक्शनमध्ये, चिखल बसतो, ओल धरून ठेवतो, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे दुप्पट वेगाने पुढे जातं. मागच्या एक्सलवरची कमान, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) किंवा ट्रेलिंग आर्मचे (एक्सल धरणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट, मागचा क्रॉस मेंबर (आडवी तुळई) आणि स्टिअरिंग बॉक्सची बैठक हातोडीने ठोका. टणत्कार आला तर ठीक. दबका आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला, आणि ती जागा सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगची असेल, तर गाडी तिथेच उभी करा. वर्कशॉपपर्यंत टो करून न्या.

चासी गंजण्याचा दोष मालकाचाच असतो असंही नाही. अमेरिकेत टोयोटाच्या २००५ ते २०१० च्या टॅकोमा, २००७-०८ च्या टंड्रा आणि २००५ ते २००८ च्या सिक्वोया या गाड्यांच्या चासींना पुरेसं गंजरोधक संरक्षण नव्हतं, असा सामूहिक दावा मालकांनी केला. २०१६ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. सुमारे १५ लाख गाड्यांची तपासणी आणि गरजेप्रमाणे चासी बदलून देणं त्यात होतं, आणि अंदाजे खर्च ३.४ अब्ज डॉलरपर्यंत सांगितला गेला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. पंधरा वर्षांच्या गाडीच्या तक्रारीचा तिथे उपयोग नाही.

काम करून घेताना

सीट काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा आणि थोडा वेळ थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि प्रीटेन्शनरचे (अपघातात सीट बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे) असतात. कार्पेटखालचा फोम आणि ताग काचा उघड्या ठेवून उन्हात लावल्याने वाळत नाहीत, ते बाहेरच काढावे लागतात. डाव्या पायाजवळच्या पॅनेलमागे बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट किंवा वायरिंगचे मोठे जोड असतात. कनेक्टर उघडून हिरवी पूड दिसते का बघा. वायपर आपोआप फिरणं, सेंट्रल लॉक मनाला येईल तसं वाजणं याचं मूळ तिथे सापडतं.

वेल्डिंग मिगचंच (तारेने होणारं विजेचं) घ्या. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा वाकतो आणि आजूबाजूचं संरक्षणही जळून जातं. वेल्डिंगच्या जागेमागे डिझेलची नळी, ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग नाही याची खात्री करा. जोडावर सीम सीलर (फट बुजवणारा लेप), मग रंग, आणि बॉक्स सेक्शनच्या आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण). गंजावरून थेट मारलेलं रबरी अंडरबॉडी कोटिंग मला अजिबात पसंत नाही. ते ओल आत कोंडतं आणि वरून सगळं काळंभोर छान दिसतं. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये करायचं काम आहे. जुलैत फक्त पन्हाळ उपसणं, नळ्या मोकळ्या करणं आणि दाराचे पडदे लावणं एवढंच करा. ओल्या पत्र्यावर प्रायमर धरत नाही.

विम्याकडून आशा ठेवू नका. पुरात गाडी बुडाली तर पॅकेज पॉलिसीत दावा होतो, पण झीज आणि गंज त्यात येत नाहीत.

खर्चाचा निर्णय घेताना मी एकच गोष्ट बघतो. सडलेला भाग फ्लोअर, पायरी, दार एवढाच असेल तर काम करून घेण्यासारखं असतं. चासीला सस्पेन्शनच्या जागी भोक असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाला किती अवकाश आहे ते आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन वाढते. चासी बदलायची तर आरटीओची परवानगी कामाच्या आधी घ्यावी लागते, नंतर नव्हे. चासी नंबर कोरलेली जागा वेल्डरला आधीच दाखवून ठेवा. तिथे ग्राइंडर फिरला किंवा गंजाने आकडे खाल्ले, तर तपासणीला पेन्सिलीची छाप उठत नाही आणि पुन्हा नंबर कोरायच्या परवानगीसाठी खेपा घालाव्या लागतात. ती जागा ब्रशने साफ करून, स्पष्ट फोटो काढून, वर ग्रीसचा पातळ हात मारून ठेवा.